गोनो लाइन: जपान समुद्राला खेटून तीन दिवस

फुकाऊरा स्टेशनातल्या वेळापत्रकाच्या पाटीवर सगळ्यात जास्त काय असेल तर कोरी जागा. जपानी स्टेशनांत डावीकडे तास आणि त्यापुढे त्या तासातली मिनिटं लिहायची पद्धत आहे. तोक्योत एकेका ओळीत वीस-वीस आकडे दाटीवाटीने बसलेले असतात. इथे दोन-तीन ओळी नुसत्याच कोऱ्या जातात. गोनो लाइनचा प्रवास आखायचा तो या कोऱ्या ओळी धरून. कुठल्या गावात तीन तास पडून राहायला आवडेल ते आधी ठरवावं, गाड्या मग बसवाव्यात. उलटं केलं की घोळ होतो.

होन्शू बेटाच्या वायव्य टोकाला, अकिता प्रांतातल्या हिगाशी-नोशिरोपासून आओमोरी प्रांतातल्या कावाबेपर्यंत ही लाइन जाते. लांबी १४७.२ किलोमीटर, स्टेशनं ४३, मार्ग एकेरी, वर विजेच्या तारा नाहीत. गोशोगावारातला ‘गो’ आणि नोशिरोतला ‘नो’ मिळून नाव झालं. नोशिरोकडचा पहिला छोटा तुकडा १९०८चा, दुसऱ्या टोकाचा कावाबे-गोशोगावारा तुकडा १९१८चा. दोन्ही टोकं एकमेकांना भेटायला मात्र ३० जुलै १९३६ उजाडला, कारण मधला सुमारे ८० किलोमीटरचा भाग डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीतून काढायचा होता. आपली कोकण रेल्वे नावाला कोकणची; बोगदे, कापण्या आणि पुलांच्या गर्दीत समुद्र क्वचितच दिसतो. इथे जोराची लाट आली तर तुषार खिडकीच्या काचेवर येतात.

निघण्यापूर्वी

या लाइनवर दोन प्रकारच्या गाड्या आहेत. एक ‘रिसॉर्ट शिराकामी’, अकिता ते आओमोरी जाणारी पर्यटकांची गाडी, सगळी आसनं आरक्षित, पूर्ण प्रवास पाच तासांच्या आसपास. तिचे तीन संच आहेत: हिरवा ‘बुना’ म्हणजे बीच वृक्ष, निळा ‘आओइके’ आणि केशरी ‘कुमागेरा’ म्हणजे काळा सुतारपक्षी. बुना आणि आओइके हायब्रिड आहेत: डिझेल इंजिन वीज तयार करतं, ती बॅटरीत साठते आणि चाकं मोटर फिरवते. कुमागेरा जुन्या डिझेल डब्यांवरून बेतलेली, त्यामुळे चढावर तिचा आवाज वेगळा ओळखू येतो. दुसरा प्रकार साध्या लोकलचा, बहुधा दोन डब्यांची. २०२१च्या मार्चपासून जुन्या किहा-४० गाड्या जाऊन जीव्ही-ई४०० आल्या. रेल्वेवेडे अजून हळहळतात. पण नव्या गाडीत चढायला पायऱ्या कमी आणि शौचालयात व्हीलचेअर जाते, हेही खरं.

आरक्षण एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला उघडतं. मागायचं ते ‘ए’ आसन; १, ३ आणि ४ क्रमांकाच्या डब्यांत ती समुद्राकडची खिडकी. २ क्रमांकाच्या डब्यात खोलीसारखे कप्पे असतात, सगळे समुद्राच्या बाजूला, आणि आसनं पुढे ओढली की पाय पसरून बसायची गादी होते. चौघं असाल तर तेच घ्या. एकटे असाल तर नको. अनोळखी कुटुंबाच्या जेवणाच्या डब्यांच्या पसाऱ्यात पाच तास अवघडून बसावं लागतं. जेआर पास (परदेशी पर्यटकांसाठीचा जपानी रेल्वेचा पास) असला तरी आरक्षण सक्तीचं आहे, फक्त त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी ‘ए’ आसनं फार लवकर संपतात.

सुइका, म्हणजे आधी पैसे भरून गेटवर टेकवायचं कार्ड, या लाइनवर चालत नाही. अकिता स्टेशनात यंत्राला कार्ड लावून आत गेलात आणि फुकाऊराला उतरलात, तर कार्डावरची ती नोंद नंतर माणसाकडूनच सोडवून घ्यावी लागते, तोवर कार्ड अडकतं. कागदी तिकीट किंवा पास घ्या. रोख रक्कम हजाराच्या नोटांत आणि नाण्यांत ठेवा. लोकलमधलं सुट्ट्या पैशांचं यंत्र दहा हजारांची नोट घेत नाही.

मोठी बॅग अकितातूनच हिरोसाकीच्या हॉटेलला कुरिअरने पाठवून द्यावी, स्टेशनाजवळचं कुठलंही कोंबिनी, म्हणजे कोपऱ्यावरचं किरकोळ दुकान, हे काम करतं. सोबत पाठीवर मावेल एवढंच. शाकाहारी माणसाने अकिता स्टेशनातच शिधा भरून घ्यावा: उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) भरलेला ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, पाव, केळी, उकडलेले सोयाबीन. पुढच्या किनाऱ्यावर जेवण म्हणजे मासा, आणि मासा दिसत नसेल तिथे रस्सा माशाचा. ‘दाशी’ हा शब्द लक्षात ठेवा. सोबा नूडल्स, मिसो सूप, उकडलेली भाजी, सगळ्यात तो असतो.

पहिला दिवस: अकिता ते जुनिको, मुक्काम हेनाशी

सकाळी आठच्या पुढे सुटणारी पहिली रिसॉर्ट शिराकामी धरावी. पहिला टप्पा गोनो लाइनचा नाहीच; ओऊ मुख्य मार्गावरून भातशेतांतून गाडी हिगाशी-नोशिरोला येते. इथे ती दिशा बदलते. चालक या टोकाहून त्या टोकाला जातो आणि प्रवासी उठून आसनं फिरवायला लागतात: खालचा पेडल पायाने दाबायचा, पाठ धरून आसन अर्धं फिरवायचं. मागच्या माणसाकडे एकदा बघून मग फिरवलं तर त्याचे गुडघे वाचतात.

पुढच्याच नोशिरो स्टेशनच्या फलाटावर बास्केटबॉलची रिंग उभी आहे. सकाळच्या गाड्या इथे काही मिनिटं थांबतात, कर्मचारी चेंडू देतात, टाकला तर छोटी भेट मिळते. हा पोरखेळ वाटेल, पण गावाचा अभिमान खरा आहे: इथल्या तांत्रिक माध्यमिक शाळेच्या संघाने ५८ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

हाचिमोरीच्या अलीकडे डाव्या हाताला समुद्र लागतो. हा हाताहाताचा किनारा. हाताहाता म्हणजे खवले नसलेला, वीतभर लांबीचा मासा. हिवाळ्याच्या तोंडावर वादळी हवेत अंडी घालायला किनाऱ्याशी येतो. त्याला मिठात मुरवून ‘शोत्सुरू’ हा माशाचा सॉस करतात. मासा इतका घटला की अकिताच्या कोळ्यांनी १९९२ पासून तीन वर्षं आपणहून मासेमारी थांबवली होती.

इवादाते आणि ओमागोशी यांच्यामध्ये दोन प्रांतांची सीमा आहे आणि इथे गाडी मुद्दाम सावकाश चालते. फोटो काढायचा असेल तर डब्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत गर्दी न करता आपल्याच खिडकीला फोन टेकवून काढावा. टेकवला की काचेतलं आपलं प्रतिबिंब जातं.

जुनिकोला उतरायचं. रिसॉर्ट शिराकामीला जोडून बस सुटते आणि पंधरा मिनिटांत डोंगरातल्या ओकु-जुनिकोच्या वाहनतळावर सोडते. ही बस हिवाळ्यात बंद असते. डिसेंबर ते मार्चमध्ये येणाऱ्यांनी जुनिको विसरून थेट पुढे जावं. उतरल्या उतरल्या परतीच्या बसच्या वेळेचा फोटो काढून ठेवा, वर फोनला रेंज धड नसते.

जुनिको म्हणजे ‘बारा तलाव’, पण मोजले तर ३३. १७०४च्या भूकंपात डोंगर कोसळला, ओढे अडले आणि हे तलाव झाले. वरच्या कुझुरे डोंगरावरून त्यांतले बारा दिसतात म्हणून नाव बाराचं. वाहनतळापासून दहा मिनिटांवर आओइके, निळं तळं. आकाराने एखाद्या वाड्याच्या अंगणाएवढंच, खोली नऊ मीटर. पाणी इतकं नितळ की तळाशी पडलेली बीचची खोडं फांद्यांसकट दिसतात आणि त्यांच्यावरून मासे सरकतात. रंग सूर्यावर अवलंबून आहे. ऊन डोक्यावर असलं की निळा उजळतो, ढग आला की दौतीत शाई ओतल्यासारखं काळपट होतं. सकाळची पहिली गाडी धरायची ती यासाठी: अकराच्या पुढे ऊन तळ्यात उतरतं. दुपारी तीननंतर पोचलात तर काठच्या झाडांची सावली पाण्यावर असते आणि ‘फोटोत तर वेगळंच होतं’ असं म्हणत लोक परत फिरतात.

ते तिथेच परत फिरतात ही खरी चूक. तळ्याच्या बाजूने लाकडी पायऱ्या चढून गेलं की बीचचं रान लागतं, आणि ते उतरून गेलं की वाकित्सुबो तळं. तेवढंच निळं, माणसं निम्मी. त्याच्या झऱ्याच्या पाण्याचा चहा देणारी झोपडी खाली आहे. सगळा फेरा रमतगमत तासाभराचा. पायऱ्या पावसानंतर निसरड्या होतात, सपाट तळव्याचे बूट नकोत. शिराकामी पर्वतराजी डिसेंबर १९९३ मध्ये जागतिक वारसा झाली. जुनिको त्या हद्दीच्या बाहेर आहे, पण रान त्याच जातीचं. अस्वलंही त्याच जातीची. २०२३ आणि २०२५च्या शरदात अकितात अस्वलांचे हल्ले फार वाढले. बॅगेला घंटा लावा, एकट्याने आडवाटेला जाऊ नका, आणि वाट बंद असल्याची पाटी असेल तर ती खरी माना.

मुक्काम हेनाशीजवळच्या फुरोफुशी ओनसेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या हॉटेलात. हेनाशी स्टेशनापासून पंधरा मिनिटं चालत. वेस्पा-त्सुबाकीयामा स्टेशनवर उतरणार असाल तर हॉटेलची गाडी आधी कळवून ठेवावी. समुद्राच्या कातळावरच, लाटेपासून हाताच्या अंतरावर उघडं कुंड आहे. पाणी जमिनीतून येतं तेव्हा स्वच्छ असतं. हवा लागली की त्यातलं लोह गंजतं आणि पाणी गढूळ सोनेरी-तपकिरी होतं. म्हणून पांढरा टॉवेल नेऊ नये, चांदीची अंगठी काढून ठेवावी. पाणी खारट आहे, खरचटलेल्या जागी झोंबतं. एक कुंड एकत्र, एक फक्त बायकांचं. एकत्र कुंडात जायला अंगावर घ्यायचं वस्त्र हॉटेलात मिळतं. बाहेरून येणाऱ्यांसाठी समुद्राकाठचं कुंड दुपारीच बंद होतं, सूर्यास्त पाण्यात बसून पाहायचा तर मुक्कामच करायला हवा. सूर्य जूनमध्ये सातनंतर बुडतो, डिसेंबरात चारच्या पुढे लगेच. वारा चढला की कुंड बंद, त्यावर हुज्जत घालून उपयोग नसतो. शाकाहारी जेवण हवं असेल तर खोली घेतानाच सांगावं; आयत्या वेळी सांगितलं तर पानात भात, लोणचं आणि यजमानांचा संकोच एवढंच येतं.

दुसरा दिवस: फुकाऊरा, तोदोरोकी, सेंजोजिकी

आजचा दिवस लोकलचा. छोट्या स्टेशनांवर कर्मचारी नसतात, सगळं चालकच बघतो. पहिल्या डब्याच्या मागच्या दाराने चढायचं. दाराचं बटण दाबावं लागतं; ते आपोआप उघडेल म्हणून वाट बघणाऱ्यांच्या समोरून गाडी जाऊ शकते. चढताच यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. उतरताना चालकाच्या डोक्यावरच्या फलकात आपल्या क्रमांकाखालचं भाडं वाचायचं आणि चिठ्ठीसकट पेटीत टाकायचं. पेटी उरलेले पैसे परत देत नाही. सुट्टे करायची फट वेगळी असते. तिथे हजाराची नोट घालून नाणी घ्यावीत आणि मग नेमके पैसे टाकावेत. हे गाडी स्टेशनात शिरण्याआधी उरकावं. पास असेल तर नुसता दाखवायचा.

फुकाऊरा हे जुनं बंदर, ओसाकाकडून होक्काइदोकडे जाणारी व्यापारी गलबतं सोयीचा वारा सुटेपर्यंत इथे थांबत. गाव किनाऱ्याने लांबच लांब पसरलंय, स्टेशनपासून एन्काकुजी मंदिरापर्यंत वीसेक मिनिटं चालावं लागतं. आओमोरीत ट्यूना म्हटलं की ओमा गावाचं नाव घेतात, पण निळ्या पंखांचा ट्यूना फुकाऊरातही भरपूर उतरतो. मासे खाणाऱ्यांनी इथली ‘मागुस्ते-दोन’ खावी: एकच मासा, कच्चा, एका बाजूने भाजलेला आणि दोन्ही बाजूंनी भाजलेला, तीन वाट्या भातावर. दुपारी लवकर जावं, संपली की संपली.

फुकाऊराच्या पुढे रूळ पाण्याच्या अगदी कडेला येतात. इथेच लाइनचं दुखणंही आहे. १९७२च्या डिसेंबरात उंच लाटांनी रुळांखालचा बांध धुऊन नेला, वाफेचं इंजिन समुद्रात कोसळलं आणि चालक दगावला. वारा-लाटा चढल्या की गाड्या लगेच थांबवतात, ते उगीच नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत वायव्येचा वारा सुटतो तेव्हा रद्द गाड्या नेहमीच्याच. उन्हाळाही निर्धोक नाही: ऑगस्ट २०२२च्या पावसात अजिगासावाजवळ नाकामुरा नदीवरच्या पुलाचा खांब कलला, आणि सगळी लाइन पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. त्यामुळे परतीचं विमान गोनो लाइनच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नये. गाडी रद्द झाली आणि तुम्ही अजून अकिताकडे असाल, तर हिगाशी-नोशिरोहून ओऊ मार्गाने डोंगरामागून हिरोसाकी गाठता येतं. मधल्या गावात असाल तर बदली बस येईल का, हे स्टेशनवर विचारा. प्रत्येक वेळी येत नाही.

तोदोरोकीला फक्त लोकल थांबते. नावातलं पहिलं अक्षर म्हणजे ‘घोडा’ या चिन्हाची तिहेरी जोडणी, तीस रेघांची. जपानी माणसालाही ते वाचायला सांगितलं तर तो अडखळतो. स्टेशन म्हणजे लाकडी खोली, एक फलाट आणि समोर समुद्र. दुकान नाही, पाण्याचं यंत्र धरून चालू नका. इथे उतरायची युक्ती अशी: पुढची गाडी आपल्याच दिशेची असायला हवी असा हट्ट सोडायचा. आधी उलट दिशेची लोकल आली तर तिने फुकाऊराला परत जायचं, चहा घ्यायचा आणि पुढच्या गाडीने पुन्हा यायचं. पास असल्यावर याचे जादा पैसे पडत नाहीत आणि तोच किनारा तीनदा, तीन उजेडांत दिसतो.

सेंजोजिकी म्हणजे ‘हजार चटयांचा ओटा’. १७९२च्या भूकंपात समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि हा सपाट कातळ उघडा पडला. त्सुगारूच्या, म्हणजे या मुलखाच्या, सरदाराने यावर हजार तातामी अंथरून मेजवानी केली, अशी नावामागची कथा. रिसॉर्ट शिराकामीच्या काही गाड्या इथे पंधरा मिनिटं थांबतात, आणि सुटण्याआधी भोंगा देऊन लोकांना बोलावतात. पंधरा मिनिटांत रस्ता ओलांडून कातळाच्या कडेपर्यंत जेमतेम जाऊन येता येतं. लोकलने आलं तर खाचांत अडकलेल्या पाण्यातले खेकडे बघत बसता येतं. हिरवट शेवाळ दिसलं की पाय टाकू नका. कातळ सपाट आहे म्हणून लोक बेफिकीर होतात, आणि तिथेच घसरतात.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आलात तर पुढचंच किता-कानेगासावा चुकवू नका. स्टेशनपासून दहा मिनिटांवर गिंको वृक्ष आहे, हजार वर्षांहून जुना, ३१ मीटर उंच, घेर २२ मीटर. पारंब्यांसारखे लोंबणारे भाग बघून आपल्याला वडच आठवतो. संध्याकाळी अजिगासावाला मुक्काम. रस्त्याकडेला दोऱ्यांवर वाळत घातलेले माकूळ कपड्यांसारखे वाऱ्यावर हलतात. टपरीवर तेच भाजून, कातरून देतात.

तिसरा दिवस: अजिगासावा ते हिरोसाकी

अजिगासावानंतर समुद्र संपतो. ‘ए’ आसनवाले इथे झोपी जातात, आणि उजव्या खिडकीत १,६२५ मीटरचा इवाकी पर्वत कावाबेपर्यंत सोबत चालतो. रिसॉर्ट शिराकामीच्या ठरावीक गाड्यांत याच टप्प्यावर पहिल्या डब्यात त्सुगारू शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवतात. तारा छेडण्याऐवजी कातड्यावर आपटून वाजवायची ही तऱ्हा. समोर उभं राहून ऐकावी.

किझुकुरीचं स्टेशन एकदा खाली उतरून बघण्यासारखं आहे. जवळच्या कामेगाओकात सापडलेल्या प्रागैतिहासिक मातीच्या बाहुलीची १७ मीटर उंच प्रतिकृती इमारतीच्या दर्शनी भागावर चिकटवली आहे, एका पायाची, चष्मा घातल्यासारख्या डोळ्यांची. डोळ्यांत दिवे बसवलेत. सुंदर म्हणवत नाही, पण विसरताही येत नाही.

गोशोगावाराला निदान तीन तास द्या. स्टेशनपासून पाच मिनिटांवर ताचिनेपुताचं घर आहे: २३ मीटर उंच, १९ टन वजनाचे कागदी चित्ररथ आत उभेच्या उभे ठेवलेत, आणि सर्पिल उतारावरून आपण त्यांच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरत येतो. शहरात विजेच्या तारा आल्या तशी ही उंची बंद पडली होती. १९९३ मध्ये जुने आराखडे सापडले, १९९६ मध्ये लोकांनी एक रथ बांधून पाहिला आणि १९९८ पासून उत्सव पुन्हा सुरू झाला. ४ ते ८ ऑगस्टला हे रथ रस्त्यावर येतात. त्या पाच दिवसांत इथे खोली मिळेल अशी आशा धरू नये. शेजारच्याच फलाटावरून २०.७ किलोमीटरची त्सुगारू रेल्वे सुटते. १ डिसेंबर ते ३१ मार्च तिच्या गाडीत कोळशाची शेगडी पेटवतात आणि कर्मचारी तिच्यावर सुकं माकूळ भाजून देतात. वास कपड्यांना दोन दिवस राहतो.

पुढचा टप्पा सफरचंदांचा. रुळांलगत बागा आहेत, मेच्या पूर्वार्धात फुलं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला लाल फळं. कावाबेच्या आधीचं फुजिसाकी नीट बघा: इथल्या संशोधन केंद्रात १९३९ मध्ये कोक्को आणि डेलिशस या सफरचंदांचा संकर केला, त्यातून एक फळ तयार झालं, आणि १९६२ मध्ये गावावरून त्याला ‘फुजी’ नाव मिळालं. आपल्याकडे फळवाल्याच्या गाडीवर फुजी म्हणून मिळतं ते हेच.

कावाबेला गाडी पुन्हा दिशा बदलते. आओमोरीला जाणारी रिसॉर्ट शिराकामीही आधी हिरोसाकीला जाते आणि मग उलटी फिरून कावाबेवरूनच आओमोरीकडे निघते. घाई असेल तर कावाबेला उतरून ओऊ मार्गाची आओमोरीची लोकल मिळते का ते बघावं, वेळ वाचतो. बॅग हिरोसाकीत असल्याने आपण तिकडेच. हिरोसाकीच्या गेटवर सुइका चालतं. तुमचं तिकीट मात्र कागदीच आहे, ते खिडकीवर दाखवूनच बाहेर पडा. दुसऱ्या दिवशी शिन-आओमोरीहून तोक्योची हायाबुसा ही बुलेट ट्रेन. तिच्यात विनाआरक्षण डबा नसतो, म्हणून आसन आधीच घ्या, आणि ते ‘ई’ मागा: हवा स्वच्छ असली तर बोगद्यांतून बाहेर पडल्यावर मोरिओकाच्या आसपास इवाते पर्वत त्या बाजूला दिसतो.